पाऊस पडल्यानंतरची पंगत

मी, चांगुणा भ्रतार राधाकृष्ण दारकुंडे, वय अंदाजे त्रेसष्ट, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे सावरखडी, तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे आणि श्वास ठिकाणावर नाहीत, परंतु कायद्याला त्यांच्याशी काही देणेघेणे नाही असे शेवगावच्या वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. उलट हे लिहू नये म्हणून भावकीतली माणसे येऊन बसून गेली. त्यांना चहा दिला, ती गेली, आणि मी लिहायला घेतले.

माझे माहेर नेवासे. वडील बाजारात मापाडी होते. त्यांनी मला चौथीपर्यंत शाळेत ठेवले, म्हणून हे अक्षर माझे आहे. वकिलांनी एक नमुना दिला तो समोर ठेवला आहे. त्यातले 'स्थावर जंगम मिळकत', 'वारस अगर दावेदार' हे शब्द मी घेतले आहेत. पण कशासाठी देते, हे लिहायला त्या नमुन्यात जागाच नव्हती. ते लिहिल्याशिवाय माझ्यामागे कोणाला काही उमजणार नाही आणि जो तो आपल्या सोयीचे सांगत बसेल. म्हणून हा कागद लांबला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी मिळकत

सावरखडी गावठाणात माझे माळवदाचे घर आहे. पुढे ओटा, मागे परस, परसात आड. शेतजमीन दोन ठिकाणी आहे. एक डोंगराकडचे जिरायत रान, त्याला आम्ही वाघदरा म्हणतो. दुसरी विहिरीजवळची पट्टी. हे सर्व माझे पती कै. राधाकृष्ण यांच्या वाट्याला भावाभावांच्या वाटणीत आले होते. ते वारल्यानंतर माझे आणि मुलगी गोजरबाई हिचे नाव लागले. गोजरबाईने चालू साली आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र मला रीतसर नोंदवून दिले. ते तिने का दिले तेही पुढे येईल. त्यामुळे या मिळकतीवर आज माझ्याशिवाय कोणाचाही हक्क नाही.

कलम २. घर

हे घर मी कोणाही नातेवाइकाला देत नाही. जी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांच्या पोरांनी मोसमभर इथे राहावे, जेवावे आणि इथून शाळेत जावे, यासाठी ते देत आहे.

बाहत्तर साली पाऊस गेला आणि गावाजवळ पाझर तलावाचे सरकारी काम निघाले. मीही गेले. जमिनीची मालकीण आणि घरात दाणा नाही, अशा आम्ही पुष्कळ होतो. खडी फोडायला बसलो की सगळ्यांच्या हातात हातोडी सारखीच. पोरांना कामावर मज्जाव होता, पण त्यांना घरी ठेवायचे कोणाजवळ? आया त्यांना घेऊन येत आणि मातीच्या ढिगाला टेकवून उन्हातच बसवत. मुकादम ओरडत असे. एके दिवशी साहेबांची जीप आली, तेव्हा मी हातोडी ठेवून पुढे गेले.

"साहेब, पोरांना सावली पाहिजे. आणि त्यांच्याकडं बघायला एक बाई पाहिजे."

साहेब तरुण होता. तो पोरांकडे बघून आला आणि म्हणाला, "बाई कुठून आणू? तुम्हीच बघा. हजेरी तुमची चालू राहील."

ताडपत्री आली, बांबू आले, आणि माझी खडी सुटली.

त्यानंतर सुकडी आली. भाजलेले पीठ आणि गूळ असा तो कोरडा खाऊ सरकारने खास पोरांसाठी पाठवला होता. तो आयांच्या पदरात टाकला की घरी जाई. घरी म्हातारी माणसे, घरी बाप, घरी आलेला पाहुणा. पोराच्या तोंडी चिमूटभर लागे. यात मी आयांना बोल लावत नाही. उपाशी घरात एकट्यालाच खाऊ घालणे कोणाला जमत नाही. म्हणून मी पद्धत घातली, की पोरांनी ताडपत्रीखाली ओळीने बसायचे आणि तिथेच खायचे. ओळ लावली की पंगत झाली, आणि पंगत झाली की कोण कोणाशेजारी बसले ते निघालेच. माझे धाकटे दीर आप्पासाहेब यांनी आपल्या नातवाला दंडाला धरून उठवले, कारण शेजारी छबूबाई साळवेची मुलगी होती. छबूबाई बौद्धवाड्यातली. पोरांना पाणी भरायला मी तिला सोबत घेतले होते.

"वहिनी, निदान एवढं तरी बघायचं."

"बघितलं की भाऊजी. दोघांच्या बी बरगड्या दिसत्यात."

ते नातवाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी नातू एकटाच परत आला आणि होता तिथेच बसला. त्याला त्याच्या बापाने, म्हणजे माझा पुतण्या काकासाहेब याने पाठवले, हे मला पुढे समजले.

त्याच पंगतीत कडूबाई होती. कारभारी केदार आणि बायडाबाई यांची थोरली, सातेक वर्षांची, कडेवर कायम तान्हा भाऊ गोरख. गावातली शाळा ओस पडली म्हणून गहिनीनाथ मास्तर फळा घेऊन ताडपत्रीखालीच येऊ लागले होते. कडूने भावाला मांडीवर घेऊन बाराखडी गिरवली. उन्हाळाभरात पोरांच्या अंगावर मांस चढले, केसांचा तांबूसपणा गेला, रडणी कमी झाली. हे मी सांगोवांगीचे लिहीत नाही. त्यांना रोज न्हाऊ घालणारे हात माझे होते.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. काम बंद झाले. ताडपत्री परत गेली आणि सुकडी थांबली. मी तालुक्याला एका कचेरीत विचारायला गेले. तिथले कारकून चांगले बोलले, खुर्ची दिली.

"बाई, आता टंचाई नाही. टंचाई संपली की योजना संपली."

"साहेब, पीक हाताशी यायला अजून अवकाश हाय. पोरं आजच जेवायची थांबली."

"त्याला आमच्याकडे खर्चाचं सदर नाही," ते म्हणाले.

खोटे नव्हते बोलत. सदर नव्हतेच. दुष्काळात ज्या पोरांना सरकारने बसवून खाऊ घातले, तीच पोरे पाऊस पडल्यावर उपाशी झाली. ही गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते आहे आणि म्हणून इथेही लिहून ठेवते.

दिवाळीनंतर निम्मे गाव तोडीला गेले. मार्गशीर्षात मी गोजरकडे पुणतांब्याला गेले. तिच्याकडे कालव्याचे पाणी आहे, उसाची तोड चालू होती. बांधाच्या कडेला तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या होत्या. एका कोपीपुढे एक मुलगी तीन दगडांवर भगुणे ठेवून जाळ फुंकत होती. डोके भादरलेले, अंगात बापाचा सदरा, पाठीला फडक्यात बांधलेले पोर. मी तिला ओळखले नाही. तिनेच मला ओळखले.

"आजी, सुकडी आनली का?"

ती कडू होती. मी खाली बसले आणि तिच्या पाठीचे पोर सोडून घेतले. गोरख वर्षाचा होऊन गेला होता, पण हाताला ताडपत्रीखालच्यापेक्षा हलका लागला. तेवढ्यात बायडाबाई उसाची मोळी टाकून आली.

मी म्हटले, "बायडे, कडीला घेऊन जाऊ का गावाला? शाळा बुडती तिची."

"न्या की, काकू. पन मंग बारकं कोन बघील? कडी हाय म्हनून माझा कोयता चालतोय."

"बारकं बी नेते."

तिने पोराच्या अंगावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्याचं अंगावरचं सुटलंय. सुटलंय म्हंजी, दूधच ऱ्हायलं न्हाई." आणि कारभारीकडे बघितले.

कारभारी म्हणाला, "टोळीच्या मुकादमाला इचारावं लागंल."

"पोरगी मुकादमाची हाय का?" बायडाबाई म्हणाली. पुढे त्या विषयावर बोलणे झाले नाही.

गोजर माझ्यावर रागावली. "आई, लोक म्हनतील ही आमच्या फडातली मानसं फोडती."

"मानसं तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मी पोरं नेते."

मी एस. टी.त बसले तेव्हा कडू आणि गोरख यांच्याशिवाय आमच्याच गावची आणखी पोरे बरोबर होती. शेजारच्या फडांतल्या आया बातमी ऐकून आल्या होत्या. एकीने पोर माझ्या मांडीवर ठेवले आणि मागे न बघता उसात शिरली. गाडी निघताना गोजरने गड्याकडून तांदळाचे पोते आणि गुळाची ढेप टपावर चढवली.

तसे माझे घर भरले. छबूबाई स्वयंपाकाला आली. सुरुवातीला काही घरांतल्या म्हाताऱ्यांनी पोरांना भाकरी फडक्यात बांधून पाठवली, म्हणजे छबूबाईच्या हातचे खायला नको. पोरे ती भाकरी खात आणि इथली आमटीही पीत. संक्रांतीपर्यंत फडकी यायची बंद झाली. कोणी जाहीर केले नाही, मीही चर्चा केली नाही.

माघात गावात गोवर आला. माझ्या घरातल्या बहुतेक पोरांना निघाला आणि बहुतेक सगळी उठून बसली. गोरख उठला नाही. त्याची छाती भरली. काकासाहेबाने बैलगाडी जुंपली आणि भर दुपारी आम्ही त्याला शेवगावला दवाखान्यात नेले. काकासाहेब वाटभर बैलांशी बोलत होता, माझ्याशी नाही. त्याला रडू येत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, शेकले, हाताशी होते ते सगळे केले. दोन दिवसांनी गोरख माझ्या मांडीवर गेला.

मी डॉक्टरांना विचारले, "माझ्या घरी आला म्हणून झालं का?"

"नाही बाई. गोवर तुमच्या घरी नसता तर तिकडे झाला असता. धट्टंकट्टं मूल यातून निघतं. हे मूल मुळातच वाळलेलं होतं. दीड-दोन महिने तुम्ही खाऊ घातलंत, पण त्याआधीचं कुठून भरून काढणार?"

हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. जे कोणी उद्या योजना करतील त्यांनी हे लक्षात घ्यावे, की मूल शाळेच्या वयाचे होईपर्यंत थांबले तर पुष्कळ उशीर झालेला असतो.

काकासाहेब पुणतांब्याला जाऊन बायडाबाईला आणि कारभारीला घेऊन आला. तोवर आम्हाला मूठमाती द्यावी लागली होती. बायडाबाईने "कुठं ठिवलाय?" एवढे विचारले आणि तिथे जाऊन बसली. मी तिच्याजवळ बसले. तिने मला उठून जा म्हटले नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवले होते की पोरे ज्याची त्याला पोचती करायची आणि घराला कुलूप घालायचे. माझ्यात पुन्हा ते बघायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांनी चावडीवर माणसे बोलावली. मलाही बोलावले.

"वहिनींचं मन चांगलं हाय, त्याला कोन नको म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पन परक्याची पोरं घरात घ्यायची, आन् एखादं दगावलं तर जबाबदार कोन? उद्या पोलीस गावात येतील. ज्याची त्यानं संभाळावीत. हे घर दारकुंड्यांचं हाय, धर्मशाळा न्हाई."

बरीच डोकी हलली. मी बोलणार नव्हते. कुलूप घालायचे मी ठरवलेच होते, भांडायचे कशासाठी? तेवढ्यात मागून बायडाबाई पुढे आली. चावडीवर बायका बोलत नाहीत, आणि नुकतेच जिचे मूल गेले तिला कोणी गप्प बस म्हणेना.

"माझा गोरख उसात मेला असता तर ही चावडी भरली असती का?" ती म्हणाली. "दुष्काळाच्या आदुगर आमच्या शेजारच्या कोपीतलं पोर गाडीखाली आलं. कुनी इचारलं? दुसऱ्या दिशी त्याची आई कोयता घेऊन फडात हुती. माझा गोरख अंथरुनात गेला. डाक्टरनं बघितला, काकूनं मांडीवर घेतला. हिथं जबाबदार कोन म्हनून इचारता. तिकडं जबाबदार कोन हुतं, ते सांगा आदी."



कारभारी हळूच म्हणाला, "आता बारकं न्हाई, तर कडीला संगं नेऊ. भाकरी तरी थापील."

"कडी हितंच ऱ्हाईल," बायडाबाई म्हणाली. "तिची शाळा हाय."

कारभारीने मान खाली घातली. पण नको म्हणाला नाही. ती दोघे दुपारच्या गाडीने फडावर परत गेली. जाताना बायडाबाईने माझा हात धरला आणि म्हणाली, "काकू, कुलूप लावू नगा." मी तिला कुलपाबद्दल काही बोलले नव्हते.

मी घरी आले. छबूबाईने चुलीवर आधण ठेवले होते. मी पीठ घेतले आणि भाकरी थापायला बसले.

हे सगळे गोजरला काकासाहेबाकडून कळले. पंधरा दिवसांनी ती आली, पोरांत बसून जेवली, आणि शेवगावला जाऊन हक्कसोडपत्र करून दिले. एवढेच म्हणाली, "आमच्या उसाची साखर ह्यांच्या पोरांच्या जिवावर हुती, हे मला रोज दिसत हुतं, आई. दिसत हुतं आन् बघत न्हवते." जावयांनी हरकत घेतली नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

कडू परीक्षा देऊन तिसरीत गेली. तोडीची माणसे गावात परत आली आहेत आणि आत्तापासून विचारून जातात, "काकू, यंदा ठेवनार ना?" मी हो म्हणते. पण माझा श्वास मलाच ऐकू येतो. म्हणून हे कलम आहे.

कलम ३. घर कसे चालवावे

कडेवरचे मूलही घ्यावे. ते घेणार नसाल तर थोरली मुलगी शाळेत येणार नाही, हे मी पुणतांब्याला बघितले. सरकारने शाळेची फी माफ केली ही चांगली गोष्ट झाली, पण मुलीच्या कडेवरचे मूल कोणी उतरवून घेतले नाही.

नवीन आलेल्या वाळक्या पोराला एकदम भरपूर खाऊ घालू नये. खिमट, दूध, थोडे थोडे, दिवसातून पुष्कळ वेळा. आजार दिसला की वाट न बघता दवाखान्यात न्यावे. नर्सबाईंना महिन्यातून एकदा बोलावून सगळ्यांना दाखवावे आणि त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये.

पंगत एकच. ज्याला हे चालत नसेल त्याच्या पोराला चालते का, ते पोराला विचारावे.

पोरांकडून शेतातली कामे करून घेऊ नयेत. आपापले ताट धुणे आणि केर काढणे एवढे पुरे.

आईबाप सुटीला आले तर ओट्यावर नाही, आत झोपवावे.

कलम ४. शेतजमीन

वाघदऱ्याचे रान मी माझा पुतण्या काकासाहेब आप्पासाहेब दारकुंडे याला मालकी हक्काने देत आहे. ते तो आजवर कसत आला आहे आणि चांगले कसतो. अट एकच, की त्या रानातली निम्मी ज्वारी दरसाल या घराच्या कणगीत यावी. न पिकल्यास मागू नये. पिकून न आल्यास व्यवस्थापकांनी रान काढून घ्यावे. अशी वेळ येईल असे मला वाटत नाही. वकिलांनी लिहायला सांगितले म्हणून लिहिले.

विहिरीजवळची पट्टी घराबरोबरच राहील. तिथे भाजीपाला, भुईमूग करावा आणि एक दुभती गाय असावी. पट्टी विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा त्यावर पुढाऱ्याच्या नावाची पाटी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कलम ५. आप्पासाहेब

माझे दीर आप्पासाहेब यांनी आमच्या दोघांच्या रानांमधला बांध दर नांगरटीला थोडा थोडा माझ्या बाजूला सारला आहे. हे ते जाणतात, मी जाणते, आणि बैलही जाणत असतील. मोजणी आणावी असे बरेचदा मनात आले. आता आणू नये. गेलेले त्यांनाच राहू द्यावे. याखेरीज त्यांना माझ्या मिळकतीतून काही नाही.

मात्र एक लिहिणे न्यायाचे आहे. पती वारले तेव्हा मला माहेरी धाडावे असे भावकीचे म्हणणे होते. तेव्हा "वहिनी हितंच ऱ्हातील" असे आप्पासाहेबच म्हणाले होते. ते मी विसरलेले नाही. चावडीचेही विसरलेले नाही.

कलम ६. गोजरबाई

माझी पुतळ्यांची माळ, पाटल्या आणि लग्नातला शालू गोजरबाईला द्यावा. माळ मोडून घराला लावण्याचे तिच्या मनात येईल. तसे करू नये. आईचे काहीतरी मुलीच्या गळ्यात असावे.

कलम ७. छबूबाई

छबूबाई साळवे हिला माझ्या दोन्ही शेळ्या, शिवणाचे यंत्र आणि परसाकडची खोली हयातभर राहायला देत आहे. स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडे राहील. आज गावात किती तरी जण 'छबूबाई' न म्हणता अर्धे नाव घेऊन हाक मारतात. या घराच्या उंबऱ्याच्या आत तसे चालणार नाही.

कलम ८. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी गहिनीनाथ मास्तर, माझी मुलगी गोजरबाई आणि बायडाबाई कारभारी केदार या तिघांनी करावी. बायडाबाईला लिहिता येत नाही म्हणून तिचे मत धरू नये, असे कोणी म्हटल्यास त्याला चावडीची हकिगत सांगावी. ती तोडीला गेलेली असेल तेव्हा मोठा निर्णय घेऊ नये, तिला बोलावून घ्यावे. तिघांपैकी कोणी वारल्यास उरलेल्या दोघांनी तिसरा नेमावा. त्यात निदान एकजण असा असावा की ज्याने स्वतः ऊस तोडला आहे.

कलम ९. सरकार आणि कारखाना

घर ग्रामपंचायतीच्या नावे करा असा सल्ला मला मिळाला. पंचायत वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण मोकळी खोली दिसली की तिच्यात टेबल येते आणि टेबल आले की पोरे ओट्यावर येतात.

सरकारने दुष्काळ नसतानाही पोरांना शाळेत दुपारचे जेवण, तान्ह्यांना सांभाळायला बाई आणि तोडीच्या मोसमात राहण्याची सोय सुरू केली, तर व्यवस्थापकांनी हे घर त्या कामाला आनंदाने वापरू द्यावे. सुरू होणार आहे, मंजुरी आली आहे, एवढ्यावर देऊ नये. अन्न शिजले आणि पोरांनी खाल्ले, हे आधी डोळ्यांनी बघावे. सरकारला हे जमणार नाही असे मला वाटत नाही. ताडपत्रीखाली त्याने ते करून दाखवले आहे. तेव्हा माणसे मरतील या भीतीने केले. भीती नसतानाही करावे, एवढेच मागणे आहे.

गोदाकाठच्या एका साखर कारखान्याकडे मी आणि मास्तरांनी मदतीचा अर्ज केला होता. उत्तर आलेले नाही. मी गेल्यानंतर आल्यास मास्तरांनी सभ्य भाषेत पोच द्यावी.

कलम १०. माझे शेवटचे

दहाव्या-तेराव्याचे गावजेवण घालू नये. त्या धान्यावर पोरांचा हक्क आहे.

मी मोसमात गेले तर घरात पोरे असतील आणि त्यांच्या आया लांब, फडावर असतील. घरात प्रेत असताना चूल पेटवायची नाही, असे सांगणारे शेजारी येतील. त्यांचे ऐकू नये. छबूबाईने नेहमीच्या वेळी चूल पेटवावी. पोरे घाबरलेली असतील, जेवायला नको म्हणतील. मोठ्यांनी त्यांच्याजवळ बसून त्यांना चारावे. कडूला एकटी सोडू नये. सगळ्यांचे खाऊन, ताटे धुऊन झाली की मग मला उचलावे. मला घाई नसेल.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आणि त्यात फिरवण्यासारखे काही दिसले नाही. खालील साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी आपली निशाणी केली.

ठिकाण: मौजे सावरखडी, तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर
तारीख: १२ जून १९७४, बुधवार

सही: चांगुणा राधाकृष्ण दारकुंडे

साक्षीदार
१. डॉ. श्रीधर मुळे, राहणार शेवगाव. लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही.
२. आक्काबाई भ्रतार आप्पासाहेब दारकुंडे, राहणार सावरखडी, लिहून देणारीची जाऊ. मजकूर वाचून दाखवला, स्वखुशीने डाव्या हाताचा अंगठा.